मायटोटेन आणि केमो सुरू होण्याआधी: अ‍ॅड्रिनल कॅन्सरच्या रुग्णाच्या घरच्यांसाठी

रिपोर्टवर ‘अ‍ॅड्रिनोकॉर्टिकल कार्सिनोमा’ असं लिहिलेलं असतं आणि घरी येईपर्यंत त्याचा ‘किडनीचा कॅन्सर’ झालेला असतो. आमच्याकडे थोरल्या दिरांच्या बाबतीत हेच झालं. सगळे नातेवाईक डायलिसिसची चौकशी करू लागले. म्हणून सुरुवात इथूनच करते. अ‍ॅड्रिनल म्हणजे अधिवृक्क ग्रंथी. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक बसलेली असते, पण किडनीच्या कामाशी तिचा थेट संबंध नाही. ती हार्मोन बनवते. त्यातलं कॉर्टिसॉल हे सगळ्यांत महत्त्वाचं, कारण त्याच्याशिवाय माणूस जगत नाही. पुढे जे लिहिलंय त्याचा निम्मा भाग या एका हार्मोनभोवती फिरतो.

हा आजार फार विरळ आहे. वर्षाला दहा लाख लोकांमागे साधारण एक-दोन जणांना होतो. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ४३ लाखांच्या आसपास होती, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरची माहिती शेजारीपाजारी विचारली तरी मिळते, या आजाराची मिळत नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनीही असा रुग्ण आधी पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. त्यामुळे काही गोष्टी घरच्यांनाच पाठ असाव्या लागतात.

हा लेख गाठ पसरलेल्या किंवा ऑपरेशनने पूर्ण निघू न शकणाऱ्या रुग्णांसाठी आहे. आजार फुफ्फुस, यकृत, लिम्फच्या गाठी किंवा हाडं इथे गेला असेल तर मुख्य उपचार औषधांचा असतो. डोस आणि निर्णय तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांचे. घरी काय सांभाळायचं, एवढंच मी सांगतेय.

पहिली पायरी: उपचार कुठे ठरवायचा आणि कुठे घ्यायचा

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. योजना अशा ठिकाणी ठरवून घ्या जिथे कॅन्सरचे डॉक्टर, हार्मोनचे डॉक्टर (एंडोक्रायनॉलॉजिस्ट) आणि सर्जन एकत्र बसून केस बघतात. आपल्याकडून बहुतेक जण परळच्या टाटा मेमोरियलला जातात. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री बसलं की सकाळी दादरला उतरता येतं. रक्ताच्या तपासण्या, सलाईन, मधल्या काळातला ताप या गोष्टींसाठी दर वेळी मुंबई गाठणं परवडत नाही आणि रुग्णाला झेपतही नाही. त्यासाठी सोलापुरातले एक कॅन्सरतज्ज्ञ, सिव्हिल हॉस्पिटल किंवा बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल यांपैकी एक जागा आधीच नक्की करा. तिथे फाईल उघडा आणि मुंबईची योजना त्यांना दाखवून ठेवा. रात्री दोन वाजता ताप आला तेव्हा नवीन केसपेपर काढत बसू नका.

फाईलमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट, त्यातला केआय-६७ चा टक्का (गाठ किती वेगाने वाढतेय याचा अंदाज), सीटी किंवा पेट स्कॅन आणि हार्मोनच्या तपासण्या असायलाच हव्यात. फिओक्रोमोसायटोमा ही याच ग्रंथीच्या आतल्या भागातली वेगळी गाठ आहे, तिचे उपचारही वेगळे. रिपोर्टमध्ये नेमकं कोणतं नाव आहे ते डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. रुग्ण तरुण असेल, किंवा घरात आणखी कुणाला कमी वयात कॅन्सर झाला असेल, तर आनुवंशिक तपासणीबद्दल विचारा. टीपी-५३ या जनुकातल्या बिघाडाशी हा आजार जोडलेला सापडतो, विशेषतः लहान मुलांमध्ये.

पैशाचं आधीच बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली काय बसतं हे त्या त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारायचं, आणि उपचार सुरू व्हायच्या आधी विचारायचं. कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. पहिल्याच भेटीत मागून घ्या.

दुसरी पायरी: मायटोटेन म्हणजे काय ते समजून घ्या

या आजारातलं जुनं आणि अजूनही मुख्य औषध म्हणजे मायटोटेन. अमेरिकेत त्याला १९७० साली मान्यता मिळाली. डीडीटी हे कीटकनाशक आपल्या सगळ्यांना माहीत आहे, हे रसायन त्याच्याच कुळातलं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या पेशी मारण्याचा गुण त्याच्यात आहे, आणि तो चांगल्या आणि वाईट दोन्ही पेशींवर चालतो. लायसोड्रेन या नावाने ५०० मिलिग्रॅमची गोळी येते.

गोळी सुरू केली आणि आठवड्यात फरक दिसला, असं होत नाही. औषध शरीरातल्या चरबीत साठतं, हळूहळू रक्तातली पातळी चढते. रक्तात ती एका लिटरला १४ ते २० मिलिग्रॅम असावी असं ध्येय असतं. तिथपर्यंत पोचायला बऱ्याचदा दोन-तीन महिने जातात. या काळात दर काही आठवड्यांनी पातळी तपासतात. रक्त सकाळची मायटोटेनची गोळी घेण्याआधी द्यायचं, आदल्या डोसनंतर बारा तास उलटून. गोळी घेऊन गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि डॉक्टर त्यावरून डोस ठरवतात. ही तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, रिपोर्टला दिवस लागतात. त्यामुळे पुढच्या अपॉइंटमेंटच्या आधी बराच वेळ ठेवून रक्त द्या.

गोळ्या कमीपासून सुरू करून वाढवत नेतात. कुणाला दिवसाला चार-सहा गोळ्या पुरतात, कुणाला बारापर्यंत न्यावं लागतं. दिवसभरात वाटून, जेवणासोबत, आणि जेवणात स्निग्ध काहीतरी हवंच, कारण हे औषध चरबीबरोबर शोषलं जातं. सायीचं दूध, तूप-भात, पोळीला तूप. आपल्या सोलापूरकरांना यासाठी वेगळं काही शोधावं लागत नाही: भाकरीवर शेंगाचटणी आणि वरून तेल हे जेवण या गोळीला चांगलंच मानवतं. मळमळ असेल त्या दिवसांत मात्र तिखट कमी करून साधा शेंगदाण्याचा कूट आणि दही घ्या.

गोळी कुटू नका. रुग्णाशिवाय दुसऱ्या कुणी हाताळायची असेल तर हातमोजे घाला आणि गरोदर बाईने हात लावूच नये. मायटोटेन चालू असताना आणि बंद झाल्यावरही रक्तात पातळी आहे तोवर गर्भधारणा टाळायची, स्तनपान करायचं नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर मायटोटेनमुळे कमी होतो, म्हणून दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा. पुढे मूल हवं असणाऱ्या तरुण रुग्णाने वीर्य किंवा स्त्रीबीज साठवण्याचा प्रश्न केमोच्या आधी काढावा. आपल्याकडे हा विषय लाजेपोटी राहून जातो.

सोलापुरातल्या नेहमीच्या मेडिकलमध्ये ही गोळी ठेवलेली नसते असंच धरून चाला. मागवावी लागते. डबीत पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची ऑर्डर गेलेली पाहिजे.

तिसरी पायरी: हायड्रोकॉर्टिसोन. इथे चूक चालत नाही

हा भाग दोनदा वाचा, घरातल्या प्रत्येकाला वाचायला द्या.

बऱ्याच रुग्णांमध्ये गाठच कॉर्टिसॉल बनवत असते, आणि भरमसाठ बनवते. चेहरा गोल होतो, साखर आणि बीपी चढतं, पोटॅशियम घसरतं, मांड्यांतली ताकद जाते, बायकांना चेहऱ्यावर केस येतात. ते दाबायला डॉक्टर कधी केटोकोनाझोल किंवा मेटिरापोन देतात. मग मायटोटेन चढतं, ग्रंथी बंद पडते आणि गणित उलटं होतं: आता शरीरात कॉर्टिसॉल कमी. ते बाहेरून द्यायची गोळी म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन. ‘आधी स्टेरॉइड जास्त म्हणून त्रास होता, आता तेच का देताय?’ असं आमच्या सासूबाईंनी विचारलं होतं. प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर हेच.

मायटोटेन यकृताला औषधं झपाट्याने निकामी करायला लावतं, हायड्रोकॉर्टिसोनसुद्धा. त्यामुळे एरवी अशा रुग्णाला दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम पुरतं, तिथे मायटोटेनवाल्याला ५० च्या आसपास, कधी त्याहून जास्त लागतं. दुकानदार किंवा नवीन डॉक्टर हा डोस बघून दचकतात. आम्हाला एका दवाखान्यात ‘एवढं स्टेरॉइड कशाला, निम्मं करा’ असं सांगितलं गेलं. जाऊबाईंनी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावून दिला म्हणून ते टळलं. रक्तातल्या कॉर्टिसॉलच्या आकड्यावरही जाऊ नका. मायटोटेनमुळे कॉर्टिसॉलला चिकटणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे आकडा नॉर्मल दिसतो आणि माणूस मात्र गळालेला असतो. बीपी, वजन, उठल्यावर येणारी चक्कर, अंगातली ताकद यांवरून डोस ठरतो.

मायटोटेनचा एखादा डोस चुकला तर आभाळ कोसळत नाही, ते आठवडेच्या आठवडे शरीरात राहतं. हायड्रोकॉर्टिसोनचा डोस मात्र चुकवून चालत नाही. सकाळचा मोठा डोस उठल्या उठल्या, बाकीचा दुपारी आणि संध्याकाळी, डॉक्टरांनी वाटून दिल्याप्रमाणे. एकादशी असो, सोमवार असो, गोळ्या आणि खाणं चालूच राहिलं पाहिजे. सिद्धरामेश्वरांवर श्रद्धा असलेल्या माणसाला हे जड जातं. ज्यांच्या शब्दाला घरात मान आहे अशा वडीलधाऱ्यांनी त्याला सांगावं.

ताप, जुलाब, दात काढणं, छोटं ऑपरेशन, अपघात: अशा वेळी निरोगी शरीर कॉर्टिसॉल आपोआप वाढवतं, या रुग्णाचं वाढत नाही. म्हणून आजारपणात डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो. किती आणि किती दिवस, हे बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा गोळी द्या. तीही उलटली तर घरी थांबू नका. पोटात गोळी राहत नाही म्हणजे आता इंजेक्शनच हवं. सतत उलट्या, पोटात दुखणं, गार घाम, बीपी खाली, गुंगी, असंबद्ध बोलणं ही अ‍ॅड्रिनल क्रायसिसची लक्षणं आहेत. यात काही तासांत जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या हॉस्पिटलला जा, ओळखीचंच हॉस्पिटल हवं असा हट्ट नको. १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनची कुपी, सिरिंज आणि पाणी घरात ठेवा. स्नायूत इंजेक्शन द्यायला घरातल्या दोघांनी नर्सकडून शिकून घ्या.

रुग्णाच्या पाकिटात, प्रवासाच्या पिशवीत आणि मोबाईलच्या कव्हरमागे एक कार्ड हवं. आमच्या कार्डावर इतकंच होतं:

‘मी मायटोटेन घेतो. माझ्या शरीरात कॉर्टिसॉल तयार होत नाही. उलट्या, चक्कर, बेशुद्धी, अपघात किंवा ऑपरेशन असेल तर तपासण्यांची वाट न पाहता ताबडतोब १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून किंवा स्नायूत द्या आणि सलाईन लावा.’

खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि दोन फोन नंबर. याची इंग्रजी प्रतही डॉक्टरांकडून घ्या. घरात कन्नड किंवा तेलुगू बोलणारं वडीलधारं माणूस रुग्णाजवळ बसत असेल तर त्यांना कळेल अशा भाषेतही एक लिहा.

सोलापूरचा एप्रिल-मे या रुग्णांना कठीण जातो. घामाबरोबर मीठ आणि पाणी जातं. काही जणांना मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोन ही गोळीही लागते. अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर उन्हाचा त्रास म्हणून सोडून देऊ नका, बसून आणि उभं राहून असं दोनदा बीपी मोजा आणि आकडे डॉक्टरांना कळवा. बीपी किंवा हृदयाचा आजार नसेल तर मीठ घातलेलं ताक दुपारी चांगलं.

चौथी पायरी: मायटोटेनचे बाकीचे त्रास

मळमळ, उलटी, जुलाब, भूक मरणं हे सुरुवातीलाच येतात. उलटीची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर उपयोग होतो. जुलाब अंगावर काढू नका, कारण मग औषधं शोषली जात नाहीत. पोटाचा त्रास अचानक वाढला तर आधी प्रश्न हा विचारा: हायड्रोकॉर्टिसोन कमी पडतंय का? दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात.

मेंदूवर आणि नसांवर होणारा परिणाम घरच्यांच्या आधी लक्षात येतो, रुग्णाच्या नाही. झोपाळूपणा, बोलणं अडखळणं, तोल जाणं, नाव न आठवणं, उगाच रडू येणं. आमचे भाऊजी रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे. शब्द जिभेवर अडकायला लागले तेव्हा जाऊबाईंनी तारीख वहीत लिहिली. पुढच्या रिपोर्टमध्ये पातळी २० च्या वर निघाली, डोस थांबवून कमी करावा लागला आणि काही आठवड्यांनी बोलणं सुधारलं. पातळी चढत असताना गाडी चालवायला देऊ नका, यंत्रमागावरही पाठवू नका.

तपासणीत कोलेस्टेरॉल वाढतं, यकृताचा जीजीटी वाढतो, थायरॉइडचा टी-४ खाली जातो. थायरॉइडची गोळी लागली तर आधी हायड्रोकॉर्टिसोन पुरेसं आहे याची खात्री झालेली हवी, नाहीतर क्रायसिस येऊ शकतो. पुरुषांमध्ये छाती वाढते, टेस्टोस्टेरॉन घटतं. ते लाजून लपवतात, म्हणून बायकोने किंवा भावाने विचारावं.

दुसऱ्या औषधांचं भांडण हा मोठा विषय आहे. मायटोटेन कितीतरी औषधांचा असर कमी करतं: बीपीच्या काही गोळ्या, सिम्व्हास्टॅटिन-अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन. उलट स्पायरोनोलॅक्टोन हे मायटोटेनचंच काम बिघडवू शकतं, म्हणून ते टाळतात. घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, भस्मं, चूर्णं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. कुणीतरी प्रेमाने आणून दिलेली पुडीसुद्धा त्यात असू द्या.

पाचवी पायरी: केमोची चक्रं

आजार वेगाने वाढत असेल तर मायटोटेनबरोबर तीन औषधं देतात: एटोपोसाइड, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन. डॉक्टर त्याला ईडीपी म्हणतात. साधारण २८ दिवसांचं चक्र, त्यात पहिले चार दिवस औषध. २०१२ मध्ये ३०४ रुग्णांवरचा फर्म-अ‍ॅक्ट हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या तीन औषधांची आणि स्ट्रेप्टोझोसिन या दुसऱ्या केमोच्या औषधाची, दोन्ही मायटोटेनसोबत, तुलना केली होती. ईडीपी घेणाऱ्यांपैकी साधारण २३ टक्के लोकांच्या गाठी आकसल्या, दुसऱ्या गटात ९ टक्के. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ५ महिने, दुसरीकडे २ महिन्यांच्या जरा वर. एकूण आयुष्यातला फरक मात्र ठाम सिद्ध झाला नाही. हे महिन्यांचे आकडे मधल्या रुग्णाचे आहेत, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी काळ मिळाला, निम्म्यांना जास्त. काही जण फार पुढे जातात, काही लवकर थांबतात. मी ते लपवत नाही, कारण कर्ज काढायचं की नाही, शेत विकायचं की नाही, हे घरात ठरायच्या आधी हे आकडे घरच्यांना माहीत असावेत.

डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं असतं, त्यामुळे एक-दोन दिवस लघवी तांबूस होते, घाबरू नका. सुई टोचलेल्या जागी जळजळ झाली तर त्याच क्षणी नर्सला सांगा, हे औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते. त्याचा हृदयावर परिणाम होतो, म्हणून आधी आणि मध्ये टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होते. केस जातात, नंतर येतात.

सिस्प्लॅटिन किडनी, कान आणि बोटांच्या नसांवर जातं. सलाईन भरपूर देतात, लघवी मोजतात. आपल्या शहरात यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या कित्येकांचे कान आधीच कमकुवत झालेले असतात. अशा रुग्णाची कानाची तपासणी पहिल्या चक्राआधी करून घ्या, म्हणजे नंतर किती फरक पडला ते कळेल. कानात आवाज येणं, बोटांना मुंग्या येणं, शर्टाची बटणं लावता न येणं, हे सांगायचंच.

पांढऱ्या पेशी साधारण दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांत खाली जातात. थर्मामीटर घरात हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे लगेच हॉस्पिटल, आधी क्रोसिन देऊन बघू असं नाही. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला जंतुसंसर्ग असूनही ताप कमी दिसू शकतो. थंडी वाजली, अंग गळालं तरी दाखवा आणि हायड्रोकॉर्टिसोन वाढवायचंय हेही तिथे सांगा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, साठवलेलं पाणी वापरावंच लागतं. रुग्णाचं पिण्याचं पाणी उकळून वेगळ्या झाकलेल्या भांड्यात ठेवा. जानेवारीत गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी, आषाढीत पंढरपूर, लग्नाचे हॉल, हे सगळं पेशी खाली असतात त्या आठवड्यात टाळा. एका पायाला सूज आणि दुखणं, अचानक धाप लागणं म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते, या आजारात तिचा धोका जास्त.

सहावी पायरी: वही

शाळेची दोनशे पानी वही पुरते. रोज एक ओळ: तारीख, मायटोटेनच्या गोळ्या, हायड्रोकॉर्टिसोन किती वाजता, उलटी-जुलाब, वजन, उभं-बसून बीपी, ताप, आणि शेवटच्या रकान्यात ‘वेगळं काही’. डॉक्टरांना रुग्णाबरोबर दहा मिनिटं मिळतात. वही असेल तर ती दहा मिनिटं कामी येतात.

पहिल्या औषधांनी आजार थांबला नाही तर

साधारण दर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन होतो. गाठी वाढल्या तर जेमसिटाबिन-कॅपेसिटाबिन, स्ट्रेप्टोझोसिन, किंवा पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध) असे पर्याय असतात. इम्युनोथेरपी महाग आहे, फायदा थोड्यांना होतो, आणि तिचे त्रास वेगळ्या जातीचे असतात: आतड्याला सूज, यकृत, फुफ्फुस. कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. या टप्प्यावर डॉक्टरांना सरळ विचारा की या औषधाने काय मिळण्याची आशा आहे आणि नाही घेतलं तर काय. वेदना आणि मळमळ सांभाळणाऱ्या पॅलिएटिव्ह विभागाची चिठ्ठी उपचाराच्या सुरुवातीपासून घ्यावी असं माझं मत आहे, शेवटासाठी राखून ठेवायची ती गोष्ट नाही.

आणि मायटोटेन बंद केलं म्हणून हायड्रोकॉर्टिसोन बंद करू नका. मायटोटेन चरबीतून महिनोन्‌महिने रक्तात उतरत राहतं, ग्रंथी झोपलेलीच असते, दुसऱ्या औषधांचा असर कमी करणंही चालूच राहतं. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी हार्मोनच्या डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत चालू, आणि कार्ड पाकिटात तसंच.